मोजलेले मृत्यू, मोजलेल्या भेटी

२००१ साली महाराष्ट्रात ‘कोवळी पानगळ’ नावाचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. राज्यात दर वर्षी सुमारे पावणेदोन लाख मुलं दगावतात, असा त्यातला अंदाज होता. सरकारदरबारी नोंदल्या जाणाऱ्या बालमृत्यूंपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा होता, त्यामुळे तो गाजला. आकड्यावर वाद रंगले, पण तो मिळवला कसा, याकडे फार कमी जणांचं लक्ष गेलं.

गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेच्या पुढाकाराने राज्यातल्या तेरा स्वयंसेवी संस्था बालमृत्यूंच्या अभ्यासासाठी एकत्र आल्या होत्या. कुणाकडे आदिवासी पाडे, कुणाकडे सपाटीवरची गावं, कुणाकडे शहरातल्या झोपडपट्ट्या. १९९८ ते २००० या काळात त्यांनी घरोघर जाऊन प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू टिपला. अशा मोजणीत पहिली फसगत अगदी सुरुवातीलाच होते. जन्मल्यावर दोन श्वास घेऊन गेलेलं मूल कागदावर ‘मृतजन्म’ ठरतं आणि बालमृत्यू एकाने कमी होतो. दुसरी फसगत माणसांच्या भीतीची असते. मृत्यू जास्त दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याला वरून विचारणा होते, कमी दाखवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांना ही भीती नव्हती. २००३ मध्ये राज्य सरकारने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि अध्यक्ष म्हणून ‘सर्च’च्या डॉ. अभय बंग यांनाच बोलावलं. खरे बालमृत्यू सरकारी नोंदीत पुरते येत नाहीत, हे मग सरकारच्याच समितीच्या अहवालात छापून आलं.

गावात केलेलं संशोधन सरकारच्या रोजच्या कामात उतरवण्यासाठी संस्थांनी अशी साखळी धरणं आता जगभर रुळलं आहे. त्यासाठी निधी मिळतो, परिषदा भरतात, करार होतात. त्या साखळीचा उपयोग किती झाला हे मात्र बहुधा बैठकांच्या आणि प्रशिक्षणांच्या संख्येवरून ठरवलं जातं. महाराष्ट्राच्या पन्नास वर्षांच्या अनुभवावरून वेगळा हिशेब मांडता येतो. ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्यातलं काय गळलं, हा तो हिशेब.

सुरुवात जामखेडपासून करावी लागते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं नगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात आलं. शिकलेल्या नर्सेस खेड्यात मुक्काम करायला तयार नव्हत्या आणि गावालाही त्या परक्या वाटत. मग गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवायचं ठरलं. बाळंतपण, जुलाबावर घरच्या घरी द्यायचं मीठ-साखरेचं पाणी, लसीची आठवण, मुलांची वजनं, असं हे शिक्षण. बायका ठरलेल्या दिवशी जामखेडला जमायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या आणि नवं शिकून परत जायच्या. १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ असलेला अर्भकमृत्यूदर १९७६ मध्ये ५२ वर आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातून चालणाऱ्या आरोग्यसेवेवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. तीन वर्षांनी आल्मा-आटाच्या परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ची घोषणा झाली, तेव्हा डोळ्यांपुढे असलेल्या मोजक्या उदाहरणांत हे एक होतं.

जामखेडची काटेकोर तपासणी व्हायला मात्र चाळीस वर्षं जावी लागली. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक अभ्यास छापून आला. जात, धर्म, आईचं शिक्षण, घरची सांपत्तिक स्थिती हे सगळं लक्षात घेऊन केलेल्या तुलनेत प्रकल्पाच्या गावांमधला बालमृत्यूचा धोका शेजारच्या गावांपेक्षा ३० टक्क्यांनी कमी निघाला. पण हा फरक पहिल्या महिन्यानंतरच्या मुलांमध्ये होता. पहिल्या महिन्याचा प्रश्न दुसऱ्याच कुणासाठी शिल्लक राहिला होता.

जामखेडचा प्रकल्प उभा राहत होता त्याच सुमारास अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला डॉ. नोशिर अँटिया यांनी गावातल्या बायकांना आरोग्यसेविका करण्याचा प्रयोग केला. अँटिया मुंबईतले नावाजलेले प्लास्टिक सर्जन. प्रयोग चालला, पण स्थानिक पुढाऱ्यांना तो रुचला नाही आणि अखेर गुंडाळावा लागला. गावातल्या गरीब बाईच्या हातात औषध आणि मान दोन्ही आले की कुणाच्या तरी सत्तेला धक्का लागतो. संशोधनाच्या निष्कर्षांत ही गोष्ट क्वचितच लिहिलेली असते.

सरकारनेही या प्रयोगांची दखल घेतली. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांची शिफारस केली आणि जनता राजवटीत, राजनारायण आरोग्यमंत्री असताना, २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशभर योजना सुरू झाली. हजार लोकवस्तीमागे एक आरोग्यरक्षक, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन. निवडले गेले ते बहुसंख्य पुरुष. जामखेडची बाई दिल्लीच्या परिपत्रकातून परत गावात आली ती पुरुष होऊन! बाळंतिणीच्या खोलीत ज्याला प्रवेश नाही असा माणूस माता-बालकांच्या आरोग्यासाठी नेमला गेला. दर आठवड्याचं शिकणं गेलं, देखरेख गेली, गावाने निवडण्याची पद्धत सरपंचाने निवडण्यावर आली. काही वर्षांत योजना नावापुरती उरली.

इथेच गडचिरोली येते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्य शिकून १९८४ मध्ये परतले आणि नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा त्यांनी निवडला. संशोधन आणि सेवा एकाच ठिकाणी करायची, हा हेतू त्यांनी काढलेल्या ‘सर्च’ संस्थेच्या नावातच होता. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचं आढळलं. १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो निबंध आला. तोवर कुटुंबनियोजनाच्या पलीकडे खेड्यातल्या बाईच्या शरीराचा विचार करण्याची आरोग्यखात्याला सवयच नव्हती.

मग न्यूमोनिया. मुलाला न्यूमोनिया झाला हे डॉक्टरशिवाय कसं ओळखायचं? श्वास मोजून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास आणि दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचे ५० किंवा जास्त, हे धोक्याचं लक्षण. पण सुईणीला पन्नासपर्यंत आकडेच मोजता येत नसतील तर? यावर गडचिरोलीत एक साधन तयार झालं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी. बाळाच्या पोटाकडे बघत दहापर्यंत मोजायचं आणि एक मणी सरकवायचा, परत दहा, परत मणी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. छोट्या बाळाची ओळ वेगळी, मोठ्याची वेगळी. दहापर्यंत मोजता येणाऱ्या कुणालाही हे जमत होतं. ५८ गावांत उपचार आणि ४४ गावांत तुलना, असा प्रयोग झाला. उपचाराच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी निघाले. १९९० मध्ये हेही ‘लॅन्सेट’ने छापलं. पुढे जगभरातल्या अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला, त्यात गडचिरोलीची गणना होती, आणि १९९२ च्या केंद्रीय माता-बाल कार्यक्रमात मुलांच्या न्यूमोनियावरच्या उपचाराला जागा मिळाली.

संशोधन कार्यक्रमात उतरायला इथे फार वेळ लागला नाही. गोळी स्वस्त होती, लक्षण साधं होतं आणि कुणाच्या अधिकाराला धक्का लागत नव्हता. नवजात बाळाची गोष्ट तशी नव्हती.

१९९५-९६ मध्ये ‘सर्च’च्या गावांतल्या ७६३ नवजात बाळांवर पहिले अठ्ठावीस दिवस लक्ष ठेवलं गेलं. उपचारांची गरज निम्म्याहून अधिक, ५४ टक्के बाळांना होती. प्रत्यक्ष उपचार मिळाले ते केवळ २.६ टक्क्यांना. बहुतेक बाळंतपणं घरीच होत. वार पडेपर्यंत उघड्या बाळाला जमिनीवर ठेवणं, ताप आला की अंगारा, दूध ओढेनासं झालं की ‘नशीब’. इस्पितळ दूर, पावसाळ्यात नाले भरलेले आणि सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीने घर सोडायचं नाही हा रिवाज.

उपाय घराच्या आतच शोधावा लागणार होता. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायका ‘आरोग्यदूत’ म्हणून निवडल्या गेल्या. सुईणीबरोबर त्या बाळंतपणाला हजर राहू लागल्या. त्यांच्या पिशवीत काय होतं ते बघण्यासारखं आहे: झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्यासाठी फुगा आणि मुखवटा, ऊब टिकवणारी झोपपिशवी, के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि जेंटामायसिन. जंतुदोष ओळखायला रक्ततपासणी नव्हती, लक्षणांची यादी होती. रडणं मंदावलं, दूध ओढणं कमी झालं, हातपाय लुळे पडले, उलट्या किंवा पोटफुगी, अंग गार लागतंय, श्वास घेताना छाती खोल आत जाते, बेंबीत पू. यांतली दोन लक्षणं एकाच वेळी दिसली की जंतुदोष समजायचा. आईबापांना समजवायचं, दवाखान्यात न्या म्हणून सांगायचं आणि ते नेऊ शकले नाहीत तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने औषध सुरू करायचं.

सातवी शिकलेली बाई दोन किलोच्या बाळाला सुई टोचणार, ही कल्पना अनेक बालरोगतज्ज्ञांना मानवली नाही. त्यात केवळ व्यवसायाचा अहंकार होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. चुकीच्या हातात अँटिबायोटिक जाण्याची धास्ती खरी होती. उत्तर आकड्यांनी दिलं. ३९ गावांत घरपोच नवजात सेवा होती, ४७ गावांत नव्हती. सुरुवातीला हजार जन्मांमागे नवजात मृत्यू पहिल्या भागात ६२ आणि दुसऱ्या भागात ५८ होते. तिसऱ्या वर्षी पहिल्या भागात ते २५.५ वर आले, दुसऱ्या भागात ५९.६ वर राहिले. म्हणजे निव्वळ घट ६२ टक्के. दर बाळामागे खर्च ५.३ डॉलर. ४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला.

प्रयोगाला मर्यादा होत्या. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. त्याहून मोठी शंका अशी की, हे यश पद्धतीचं की बंग दांपत्याचं? ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीत राहणारे, रात्री-बेरात्री गावात जाणारे दोन डॉक्टर वजा केले तर काय उरतं?

या शंकेला उत्तर देण्यासाठी संस्थांची साखळी उपयोगी पडली. २००१ ते २००५ या काळात ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी आपापल्या भागात हीच पद्धत राबवली. ‘सर्च’ने प्रशिक्षण दिलं, पण गावं दुसरी, बायका दुसऱ्या, डॉक्टर दुसरे. तिथेही नवजात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा हा आहे, गडचिरोलीचा ६२ टक्क्यांचा आकडासुद्धा नव्हे. मूळ माणसं नसताना काम चालतं का, हे ‘अंकुर’ने दाखवलं. शिवाय सातही ठिकाणी संस्थांनी मृत्यू मोजणं सोडलं नव्हतं. मृत्यू कमी होतात की नाही हे रोजच्या रोज कळत असेल, तर देखरेखीला निराळी काठी लागत नाही.

पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच राज्यांत चाचणी घेतली. उत्तर प्रदेशात शिवगढला आणि बांगलादेशात सिल्हेटला घरभेटींचे वेगवेगळे प्रयोग झाले. शिवगढला घट ५४ टक्के निघाली, सिल्हेटला ३४. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने संयुक्त निवेदन काढून नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने ‘घरपोच नवजात शिशु काळजी’च्या मार्गदर्शक सूचना जारी केल्या. ‘आशा’ म्हणजे सरकारी योजनेतल्या गावपातळीवरच्या आरोग्यसेविका. त्यांच्या प्रशिक्षणाची सहावी आणि सातवी पुस्तिका ‘सर्च’च्या अनुभवावर बेतलेली होती. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी जन्म झाला तर पहिल्या दिवशी आणखी एक. सगळ्या भेटी झाल्या की २५० रुपये.

लॅन्सेटमधल्या निबंधापासून राष्ट्रीय योजनेपर्यंत बारा वर्षं. सार्वजनिक आरोग्यात हा वेग वाईट म्हणता येणार नाही. आता गळती पाहू.

पहिली गळती प्रशिक्षणाची. राष्ट्रीय प्रशिक्षकाकडून राज्याच्या, त्याच्याकडून जिल्ह्याच्या आणि शेवटी आशेपर्यंत, असं ते चार टप्प्यांत वीस दिवसांचं झालं. गडचिरोलीत आरोग्यदूत शिकली ती पर्यवेक्षकाच्या वारंवार भेटींतून, घराघरांत, हातात बाळ धरून. सभागृहातल्या वीस दिवसांत हातात बाळाऐवजी बाहुली असते.

दुसरी गळती मोजणीची. २०११ च्या मूळ सूचनांत मानधनासाठी अटी होत्या. जन्माचं वजन नोंदलेलं हवं, जन्मनोंदणी झालेली हवी, लसी दिलेल्या हव्यात आणि बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत. शेवटची अट कुणी कोणत्या भल्या हेतूने घातली असेल ते असो. पण जिथे बाळाचा जीव जाण्याचा धोका सर्वांत जास्त, जिथे आशेने सर्वांत जास्त खेटे घातले, तिथेच तिचे पैसे धोक्यात. शिवाय मृत्यू लपवायला हे सरकारी निमित्तच! तेरा संस्थांनी घरोघर फिरून जे उघडं पाडलं होतं, त्यालाच योजनेच्या कलमात पुन्हा आमंत्रण मिळालं. योजनेचं मूल्यमापन मग झालेल्या भेटींच्या टक्केवारीवर येऊन थांबलं.

सरकारी यंत्रणेतून घरभेटी केल्या की परिणाम किती उरतो, याची तपासणीही झाली आहे. हरियाणात फरिदाबादला मोठ्या लोकसंख्येवर झालेल्या चाचणीत (२०१२) अर्भकमृत्यू १५ टक्क्यांनी घटले, पण नवजात मृत्यूंमधली घट ठामपणे सांगावी इतकी नव्हती. घरी जन्मलेल्या बाळांना मात्र फायदा स्पष्ट होता. घानातल्या प्रयोगात (२०१३) घट ८ टक्के. त्याच अभ्यासाने सरकारी यंत्रणेतल्या प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, तो आला १२ टक्के. संशोधकांच्या हातातले तीस-साठ टक्के सरकारी हातात बारा होतात. या बारा टक्क्यांना अपयश म्हणणं चूक आहे, कारण कोट्यवधी जन्मांच्या देशात त्याचा अर्थ फार मोठा होतो. पण गडचिरोलीचा आकडा दाखवून योजनेचं कौतुक करणंही तितकंच चूक.

दरम्यान परिस्थितीही पालटली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीत देशाचा नवजात मृत्यूदर २० आणि महाराष्ट्राचा ११ आहे. या घसरणीत रुग्णवाहिका, जिल्हा रुग्णालयातले नवजात कक्ष, मुलींचं शिक्षण, रस्ते, आशांच्या भेटी अशा सगळ्यांचा वाटा आहे. त्यातला आशांचा किती, हे वेगळं काढून सांगणारा माणूस एकतर फार हुशार असेल किंवा काहीतरी विकत असेल.

तिसरी आणि सर्वांत मोठी गळती इंजेक्शनची. गडचिरोलीच्या प्रयोगात जंतुदोषावरचा घरगुती उपचार हा गाभा होता. राष्ट्रीय योजनेत आशेने मुख्यतः लक्षणं ओळखायची आणि बाळाला वर पाठवायचं असं ठेवलं गेलं; इंजेक्शन तिच्या हाती दिलं गेलं नाही. २०१४ मध्ये जेंटामायसिन देण्याची परवानगी मिळाली ती आरोग्य उपकेंद्रातल्या एएनएमला, म्हणजे सरकारी परिचारिकेला. आशा हजार लोकवस्तीमागे एक असते. उपकेंद्राचं प्रमाण सपाटीवर पाच हजारांमागे एक आणि आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजारांमागे एक असं आहे. म्हणजे जे औषध १९९६ मध्ये गडचिरोलीच्या गावात, त्याच आळीत होतं, ते योजनेत दोन-तीन गावं पलीकडे गेलं. गडचिरोलीच्या पाड्यांवर पावसाळ्यात नाले आजही भरतात.